राजवाडा मार्गावर नाही

रविवारी सकाळी सूनबाईचे साहेब घरी येऊन टेकले, तेव्हा सूनबाई टीव्हीला गेमची वायर जोडत होती आणि सासरे टीव्हीसमोर बसून हातातल्या कंट्रोलरचा गिअर शोधत होते.

सूनबाई एका गेमच्या कंपनीत गोष्टी लिहायची. गेममधला वीर कोण, तो कशासाठी निघाला, वाटेत त्याला कोण आडवं येणार, हे सगळं तिच्या डोक्यातून निघायचं. या खेपेला तिने मरणपंथाला लागलेला राजा, कपटी प्रधान आणि राजासाठी औषध घेऊन दौडणारा घोडेस्वार असा मसाला जमवला होता. लिहितालिहिता स्वतःच डोळे पुसले होते. साहेबांच्या कपाळावर मात्र गोष्ट म्हटली की आठ्या. त्यांचं म्हणणं एकच, खेळणाऱ्याला मोकळं सोडा! डोंगर द्या, नदी द्या, जाऊ दे त्याला कुठे जायचं तिथे. हे 'मोकळं' ते इतक्या वेळा म्हणायचे की त्यांच्या पाठीमागे सगळं ऑफिस त्यांना मोकळेसाहेबच म्हणे.

शेवटी पैज लागली. गेमला जन्मात हात न लावलेला माणूस खेळायला बसवायचा. तो आपणहून औषध घेऊन राजवाड्यात गेला, तर गोष्ट राहील. भटकला, तर कथाविभाग बंद आणि सूनबाईने यापुढे बटणांवरची नावं लिहीत बसायचं.

सूनबाईने बेधडक सासऱ्यांचं नाव पुढे केलं. सासरे निवृत्त बसड्रायव्हर. उभी हयात एकाच मार्गावर काढलेली. एकदा नदीवरचा पूल खचला, तेव्हा वळसा घालून जाण्याऐवजी नवा पूल होईपर्यंत त्यांनी गाडी अलीकडेच उभी ठेवली आणि प्रवासीही नाइलाजाने तिथेच संसार थाटून राहिले, अशी वदंता होती. असा माणूस समोरचा सरळ रस्ता सोडून जाईलच कुठे?

"अप्पा, हा तुमचा घोडा. हे औषध. आणि तो लांब कळस दिसतोय ना, तो राजवाडा. राजा फार आजारी आहे."

"तिकडे डॉक्टर नाही?"

"म्हणून तर औषध नेताय तुम्ही."

"बरं बरं. ब्रेक कुठला?"

घोडा निघाला. रस्त्याची कड धरून, वळणावर आधी थांबून, दोन्हीकडे बघून. पलीकडे सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. राजा आजारी म्हटल्यावर त्या हातातली चादर अर्धवट टाकून पुढे सरकल्या.

पहिल्याच वळणावर डोक्यावर गाठोडं घेतलेला एक दाढीवाला म्हातारा उभा होता. सासऱ्यांनी घोडा थांबवला.

"हा कधीचा उभा आहे?"

"तो नुसता शोभेला आहे, अप्पा. तुम्ही चला पुढे."

"शोभेला? एवढ्या उन्हात म्हातारा माणूस गाडीची वाट बघतोय आणि म्हणे शोभेला!"

सासऱ्यांनी हाताला लागतील ती बटणं दाबली. आता साहेबांच्या माणसांनी या गेमात करता येणार नाही असं काही ठेवलंच नव्हतं. सासऱ्यांचा घोडा शेजारच्या कडब्याच्या गाडीला जुंपला गेला आणि म्हातारा गाठोड्यासकट मागे चढून बसला.

झालं. पुढच्या वळणावर एक कोळीण चढली, तिच्या पुढे लोहार. दाट झाडीत सूनबाईने मोठ्या कष्टाने लपवलेले चार दरोडेखोर तलवारी परजत रस्त्यात आले.

"ओ, तलवारी खाली!" सासरे टीव्हीवर खेकसले. "कुणाला लागेल! आत सरका, मागे जागा आहे!"

दरोडेखोर आत सरकले. कोळणीने टोपली मांडीवर घेतली.

मग ड्रॅगन आला. रस्ता अडवून, नाकातून ज्वाळा सोडत, डोंगराएवढा. त्याच्याशी झुंज द्यायची होती. सासऱ्यांनी गाडी कडेला घेतली. "जाऊ दे त्याला आधी. मोठी गाडी आहे." ड्रॅगन थोडा वेळ घुटमळला आणि, खोटं कशाला सांगा, जरा ओशाळूनच निघून गेला.

सासरे शेवटच्या गावाला पोचले, माणसं उतरवली, नवी घेतली आणि त्याच रस्त्याने परत निघाले. दरोडेखोर आणि तो दाढीवाला काही उतरले नाहीत. त्यांना गाडी आवडली असावी. राजवाड्यावरून एक दूत धावत आला. तोही सूनबाईनेच पेरलेला. "वीरा, त्वरा कर! महाराज अखेरच्या घटका मोजताहेत!"

"मागे बसा," सासरे म्हणाले.

मोकळेसाहेब आनंदाने मांड्या थोपटत होते. "बघितलंत? मोकळं सोडलं की माणूस कसा फुलतो! काय हो काका, मजा येतेय ना?"

"मजा कसली? ड्यूटी आहे."

सासूबाईंना आता राहवेना. "अहो, तिकडे राजा मरतोय! तो फाटा आला बघा, वळवा ना गाडी!"

"राजवाडा आपल्या मार्गावर नाही."

"मार्ग तुम्हीच ठरवलात ना, आत्ता, माझ्यासमोर!"

"म्हणून काय वाटेल तेव्हा बदलायचा? लोक उभे असतात."

सूनबाईला रडावं की हसावं कळेना. पण सासऱ्यांचं शेवटचं वाक्य तिच्या मनात अडकलं. राजासाठी हा माणूस लगाम वळवणार नाही. देवासाठीही वळवणार नाही. पण प्रवाशासाठी?

"चहा टाकते," असं म्हणून ती लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात पळाली. चालू गेममध्ये नवं माणूस आणि त्याचं बोलणं तिला तिथूनच घालता येत होतं. एका बाजूला आधण ठेवलं आणि दुसऱ्या बाजूला तिने पुढच्या वळणावर एक आजीबाई उभी केली. तिच्या तोंडी शब्द घालतेय तोवर चहा उतू गेला. तिने हातातलं वाक्य तसंच सोडलं, गॅस बंद केला आणि कप घेऊन बाहेर आली.

आजीबाई गाडीत चढली होती. "लेका, मला राजवाड्याच्या मागल्या दाराशी सोड रे. पाय चालत नाहीत."

सासऱ्यांनी एका शब्दानेही न विचारता फाट्यावर गाडी वळवली.

"मी मघापासून कोकलतेय ते?" सासूबाई कडाडल्या.

"तू गाडीत बसलेली नाहीस."

राजवाडा जवळ आला तसे साहेब उठूनच उभे राहिले. "गेले! कुणी ढकललं नाही, कुणी गोष्ट सांगितली नाही, माणूस आपल्या मर्जीने राजवाड्यात गेला! मॅडम, पैजेचं सोडा, याहून मोठा पुरावा नको. गोष्टीची गरजच नाही. उद्यापासून कथाविभाग बंद."

सूनबाईने कप खाली ठेवले. आपणच ती म्हातारी घातली म्हणावं, तर ती लबाडी ठरणार. न म्हणावं, तर नोकरीचं वाटोळं.

तेवढ्यात आजीबाई मागल्या दाराशी उतरली. जाताजाता वळली आणि हळूच म्हणाली, "लेका, ते औषध आत देऊ नकोस. पलंगावर निजलाय तो राजा नव्हेच. खरा राजा तर..."

आणि तोंड उघडं ठेवून तशीच उभी राहिली.



"तर?" साहेब म्हणाले. "खरा राजा तर काय?"

"तेवढंच आहे," सूनबाई म्हणाली.

"तेवढंच कसं? कोण आहे खरा राजा?"

"तुम्हाला वाटेल तो. मोकळं आहे ना."

साहेब टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन गाडीतला एकेक चेहरा निरखू लागले. "या दरोडेखोरांतला तर नव्हे?"

"छे हो!" सासूबाईंनी त्यांना कोपराने बाजूला सारलं. "मला त्या दाढीवाल्याचा केव्हापासून संशय आहे. एवढी गावं गेली, उतरत का नाही तो? आणि गाठोड्यात काय आहे?"

"मुकुट!" साहेब किंचाळले.

"बाई उतरली," सासरे म्हणाले. "निघतो मी."

"काका, नाही! हलवू नका गाडी!" साहेबांनी त्यांचा हातच धरला.

"का? तिकडे लोक उभे आहेत."

"उभे राहू देत! मॅडम, तुम्ही लिहा बरं पुढचं."

"विभाग बंद झाला ना, सर?"

"कोण म्हणालं?" साहेबांनी स्वतः तिचा लॅपटॉप आणून तिच्या पुढ्यात ठेवला, खुर्ची ओढली आणि तिला खेटून बसले. "उद्या ऑफिसात बघू सगळं. आधी हे सांगा, त्या गाठोड्यात मुकुट आहे की नाही?"

सूनबाई स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली. तिच्या मागोमाग सासूबाई आल्या, दार लोटलं आणि कानाशी लागून म्हणाल्या, "खरा राजा कोण गं? मला एकटीला सांग."

"आई, अजून मलाच माहीत नाही."

सासूबाईंनी बाहेर डोकावून पाहिलं. साहेब सासऱ्यांचा हात धरून बसलेलेच होते.

"मग सावकाश लिही," त्या म्हणाल्या. "मी जेवायला एक पान वाढवते."