आप्पांचा पट्टा

सत्तरीपुढची माणसं हरवू नयेत म्हणून सरकारने मनगटाला बांधायचा पट्टा काढला. माणूस जाईल तिथला पत्ता पट्टा परस्पर कचेरीला कळवणार. आप्पांना तो बांधायला कचेरीतले साहेब स्वतः घरी आले.

"अहो, कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे घटकाभर बसतो," आप्पा कळवळले. "तेही आता सरकारला सांगून बसू?"

"तुमच्या काळजीपोटीच आहे, आजोबा."

"तुम्ही बांधा हो," आजी कडाडल्या. "ह्यांना नाकावरचा चष्मा सापडत नाही, घर काय सापडणार!"

पट्टा बांधून, चहा पिऊन साहेब हात धुवायला गेले. कोट खुर्चीवर होता. साहेबांना तो एकच कोट असावा, हे काखेतल्या डागांवरून कुणालाही कळलं असतं. आप्पांचं मनगट इतकं वाळलेलं, की पट्टा बांगडीसारखा निघाला आणि कोटाच्या आतल्या खिशात गेला.

आठवड्याने साहेब तणतणत आले. आजोबा भलतेच भटकतात, एवढंच त्यांना वरून कळलं होतं. त्यांनी मोबाइलवर नकाशा उघडला.

"सोमवारी भर दुपारी सिनेमा! मला कसे दिसले नाहीत?"

आजींच्या हातातली पळी हातातच राहिली. "ह्यांनी?"

"मंगळवारी तळ्यात होडी. बुधवारी घोड्यांची शर्यत!"

"अगंबाई!" सून दारातच थबकली. तीन पायऱ्यांत धापा टाकणारे सासरे, आणि होडीत!

धड भाजी आणता येत नाही म्हणून ज्याला जन्मभर फैलावर घेतलं, त्या नवऱ्याकडे आजी देव्हाऱ्याकडे बघावं तशा बघत राहिल्या. आप्पा विनयाने पंख्याकडे बघत होते.

"आणि रोज रात्री मुक्काम टाकीजवळच्या पिवळ्या..." साहेबांनी दोन बोटांनी नकाशा मोठा करून पाहिला. पिवळं घर त्यांचंच होतं. आठवडाभरात नकाशावरचा ठिपका फक्त एका जागी फिरकला नव्हता, ती म्हणजे कचेरी.

साहेबांचा हात हळूच आतल्या खिशात गेला आणि तिथेच राहिला.

"काय आहे आजी," ते घाम पुसत म्हणाले, "इतक्या हिंडत्याफिरत्या माणसाला पट्टा कशाला? मशीन बिघडलं म्हणून कळवतो वर. शेवटी ज्याचं त्याला स्वातंत्र्य असतंच की."

"मी वेगळं काय म्हणत होतो?" आप्पा म्हणाले.

आजी तोवर ठेवणीतली साडी नेसून बाहेर आल्या होत्या. "चला! एकटे एकटे मजा मारता होय? मलाही दाखवा ते थेटर."

थेटर कुठल्या रस्त्याला आहे, हे आप्पांना कुठे ठाऊक!

"साहेब," ते गोड आवाजात म्हणाले, "तुम्ही तिकडेच निघालात ना?"

साहेबांनी मुकाट्याने गाडीचं मागचं दार उघडलं.