वहिनीसाहेब दाखल जाहल्या, त्या शिक्क्याच्या मोहिमेची हकीकत

ऐकणारांनी मोबाईल पालथे घालोन चित्त द्यावे. विद्यापीठाचे दौलतीत 'दाखल' हा शब्द बहुत मानाचा. अर्ज केला, यादीत नाव लागले, इतुक्याने कोणी दाखल होत नाही. खिडकीवरील कारकून शाळेच्या अस्सल दाखल्यावर शिक्का उमटवील, तेव्हां दाखल. तोवर मनुष्य नुसता उमेदवार.

ऐसे असता वहिनीसाहेब, उमर चाळिशीपार, पार्लरच्या खुद्द मालकीण, यांणी यादीत नाव पाहताच गल्लीभर डंका पिटला की आम्ही दाखल जाहलो. आणि नणंदबाई, ज्या त्याच विद्यापीठाची पदवी मिरवीत, यांणी भर जिन्यात टोकले, "वहिनी, शिक्का कुठाय? उगाच दाखल-दाखल काय करतेस!" तो घाव जिव्हारी लागला. मग प्रवेशाचे शेवटले दिवशी वहिनीसाहेबांनी यजमानांसह खिडकीवर कूच केले.

यजमान झेरॉक्सवाले. त्यांस प्रेम दाखवण्याची एकच रीत ठाऊक, ती लॅमिनेशन. त्यांणी पत्नीचा अस्सल दाखला प्लॅस्टिकमध्ये कडेकोट बंदिस्त करोन आणिला होता. कारकुनाने शिक्का मारिला, तो शाई घसरोन त्याचेच बाहीस लागली. पुन्हा मारिला, पुन्हा तीच गत. मग फर्मान सुटले की प्लॅस्टिकवर शिक्का धरत नाही, सबब दाखल नाही, पुढील साली यावे.

"अगं, पाणी लागू नये म्हणून केलं," यजमान पुटपुटले.

"तुम्ही गप्प बसा!"

ऐसे गर्जोन वहिनीसाहेबांनी पर्सेतून नखे घासावयाची कानस समशेरीसारखी उपसली, आणि दाखल्याचा कोपरा खसाखसा घासोन खरबरीत केला, आणि मागील रांग हातघाईस आली, आणि कारकून खिडकी ओढू लागला, तो बाईंनी फटीत कोपर घातले. "दादा, आता मारा!"

मारिला. शाई धरली. फत्ते!

दुसरे दिवशी पहिल्याच तासास, बाकावरील शेजारणीशी तिच्या भुवयांवर सल्लामसलत चालली असता, प्राध्यापिकांनी वहिनीसाहेबांस वर्गाबाहेर काढिले. ते वर्तमान फोनवर ऐकोन नणंदबाई खदाखदा हसल्या. तेव्हां व्हरांड्यातून जबाब गेला, "हस बाई, हस! पण बाहेर काढायला माणूस आधी आत असावं लागतं."

नणंदबाईंनी फोन ठेविला. येणेप्रमाणे वहिनीसाहेब दाखल जाहल्या, हे नमूद केले असे.