आदेशानुसार व नावाने

आमच्या शेजारच्या घरात भेंडीची भाजी राज्यपालांच्या आदेशाशिवाय होत नाही. म्हणजे होते, पण आदेश मागाहून निघतो. स्वयंपाकघराच्या दाराशी एक फळा टांगलाय. त्यावर खडूनं लिहिलेलं असतं: 'आज दुपारी भेंडी करण्यास मान्यता देण्यात येत आहे. कुटुंबप्रमुख यांच्या आदेशानुसार व नावाने.' खाली लफ्फेदार सही.

सही श्रीधरकाकांची. काका सरकारी कचेरीत लिपिक होते. जन्मभर त्यांनी शासनाचे निर्णय वाचले, आणि प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ, 'राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने'. ती अंगात मुरली. निवृत्त होऊन आमच्या धाड गावी राहायला आले आणि घरात स्वतःची नेमणूक करून घेतली. गावाचीही हरकत नव्हती. बसस्टँडवरचे जीपवालेसुद्धा "या राज्यपाल, बसा" म्हणतात.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो, तेव्हा खोडी काढायचा मला हक्कच आहे. एकदा म्हटलं, "काका, सगळं तुमच्या नावानं निघतं, म्हणजे घरात तुमचंच चालतं."

"सर, तुम्ही पोरायले शिकवता अन् तुम्हालेच मालूम नाही? कारभार राज्यपालाच्या नावानं चालते, मनानं नाही. मंत्रिमंडळ सल्ला देते, तो सही करते."

"मग मंत्रिमंडळ कुठंय?"

"भाजी निवडून राह्यलं," आतून निर्मलाकाकूंचा आवाज आला.

एक अधिकार मात्र काकांनी जिवापाड जपला होता. राज्यपाल विधेयक एकदा परत पाठवू शकतो. तेच पुन्हा आलं, की मंजुरी द्यावीच लागते. हा अधिकार काकांनी पार मिक्सरच्या खरेदीपर्यंत ओढला. काकूंनी काहीही सुचवलं, की फळ्यावर 'फेरविचारार्थ परत'. दुसऱ्या दिवशी काकू तेच पुन्हा मांडायच्या आणि काका खुशाल सही ठोकायचे. संसार असा मजेत चालला होता.

घोटाळा झाला तो वैशालीच्या बाबतीत. वैशाली त्यांची एकुलती एक मुलगी, बीबी गावच्या दवाखान्यात नर्स आहे. तीन वर्षांपूर्वी तिनं आपल्या पसंतीनं, जातीबाहेर लग्न केलं, तेव्हा काकांनी तिला घर बंद केलं. या दिवाळीआधी काकूंनी धीर करून विषय काढला, "वैशालीले घरी बोलवा." काकांनी फळ्यावर लिहिलं, 'फेरविचारार्थ परत.' काकूंनी ते वाचलं, फळा पुसला आणि पुन्हा तो विषय काढलाच नाही. दिवाळी तशीच गेली.

काका रोज सकाळी फळ्यापाशी घुटमळायचे. फळा कोराच. भेंडीचे आदेशही बंद झाले, तेव्हा मला काळजी वाटायला लागली.

एका बाजाराच्या दिवशी ते माझ्यासोबत पिशवी घेऊन निघाले. वाटेत हळूच म्हणाले, "सर, तुमच्या काकूले सांगता का, तो प्रस्ताव पुन्हा मांडा म्हणून?"

"तुम्हीच करा की वैशालीला फोन."

"मले सोताहून नाही जमत." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "मी सवयीनं परत पाठवला हो. वाटलं, दुसऱ्या दिवशी प्रस्ताव पुन्हा येईन, मग सही करावीच लागन. तो आलाच नाही."

चष्मा पुसायच्या निमित्तानं त्यांनी डोळे पुसून घेतले. मला त्यांची फार दया आली, आणि थोडा रागही.

मी काकूंना निरोप दिला तेव्हा त्यांनी हातातली भाजी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "एवढं सांगाले ह्यायले शेजारी लागते?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं आणि माझ्यासमोरच प्रस्ताव मांडला. काकांनी ताबडतोब खडू उचलला: 'वैशाली हिस घरी येण्यास मान्यता देण्यात येत आहे.' खाली ती नेहमीची ओळ. काकूंनी फोटो काढून मुलीला पाठवला. चहा संपायच्या आत उत्तर आलं: 'फेरविचारार्थ परत. जावयाचं नाव राह्यलं.'

काकांनी ते दोनदा वाचलं. आता भडकतात, असं मला वाटलं. ते खांदे हलवत हसले. "पाहा सर, पोरगी माहीच आहे."

त्यांनी बाहीनंच फळा पुसला आणि पुन्हा लिहिलं: 'वैशाली आणि निखिल, रविवारी दोघंही या.' खडू नेहमीच्या ओळीच्या जागी येऊन थांबला. जरा वेळानं तिथं त्यांनी नुसतं 'बाबा' लिहिलं आणि काकूंकडे वळून विचारलं, "एवढंच चालते का?"

"चालते," काकू म्हणाल्या. "सरका बाजूले, फोटो काढू द्या."