नऊ नंबरचे बूट

आवक कारकुनाची पाळी बुधवारी होती, पण बूट त्याला सोमवारीच घरी न्यायला मिळाले. अशी सवलत त्या ऑफिसात आजवर कोणालाच मिळाली नव्हती. "सात नंबरचा पाय आहे माझा. बुधवारी एकदम घातले तर केबिनच्या दारातच आपटेन," असं त्याने काकुळतीला येऊन सांगितलं, तेव्हा कुठे जावक कारकुनाने कपाटाची किल्ली काढली.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कंपनीचं ते ऑफिस. तिथल्या जुन्या फायलींच्या कपाटात, अगदी खालच्या खणात, हा काळ्या बुटांचा जोड ठेवलेला असे. उजव्या बुटाचा तळ पुढून सुटलेला होता आणि त्यातून घालणाऱ्याचा अंगठा बाहेर येई. डाव्याची टाच झिजून कलली होती. आठ वर्षांपूर्वी ऑफिसचा टायपिस्ट हे बूट घालून साहेबांकडे पगारवाढ मागायला गेला आणि चक्क ती घेऊन बाहेर आला. ती त्या ऑफिसातली शेवटची पगारवाढ. निवृत्त होताना टायपिस्टाने बूट ऑफिसच्या हवाली केले, आणि तेव्हापासून जो कोणी पगाराचं बोलायला जाई तो स्वतःचे बूट काढून हे चढवी. उभं कसं राहायचं तेही ठरलेलं होतं. टेबलाला खेटायचं नाही, दोन पावलं मागे राहायचं, म्हणजे साहेबांना बूट नीट दिसतात.

आजवर चौदा जण आत जाऊन रिकाम्या हाताने परतले होते. पण त्यामुळे बुटांवरचा विश्वास काही कमी झाला नव्हता. "तुम्ही पुढे सरकला असाल," असं परतलेल्याला सांगण्यात येई, आणि त्यालाही ते पटे.

आवक कारकुनाला पगारवाढ मिळणं या खेपेला अगदी गरजेचं होतं. घरमालकाने भाडं वाढवलं होतं. पहिल्या तारखेपासून नवं भाडं द्या, नाहीतर खोल्या रिकाम्या करा, असं त्याने जिन्यात उभं राहून शांतपणे सांगितलं होतं. खोल्या सोडायच्या तर परवडणारी जागा थेट बसच्या शेवटच्या थांब्यापलीकडे मिळणार, आणि मुलीची शाळा सुटणार. मुलगी नववीत होती. शाळा सोडायची असं तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण ती हल्ली न सांगता अभ्यासाला बसू लागली होती, यावरून तिला सगळं कळलंय हे उघड होतं.

सोमवारी संध्याकाळी त्याने बूट पिशवीतून आणले आणि पलंगाखाली सारले. बायकोला यातलं काही सांगितलं नाही. पगारवाढीसाठी आपण दुसऱ्याचे फाटके बूट घालणार आहोत, हे बायकोला कोणत्या तोंडाने सांगणार? सगळे झोपल्यावर सराव करू असं ठरवून तो आडवा झाला आणि त्याला झोप लागली.

मंगळवारी संध्याकाळी तो घरी आला तेव्हा दाराशी वर्तमानपत्राच्या कागदावर एक चकचकीत जोड ठेवलेला होता. पाहुणे आलेत असं वाटून त्याने आवाज खाली आणला.

"कोण आलंय गं?"

"कोण येणार? तुमचेच बूट आहेत," बायको म्हणाली. "केर काढताना पलंगाखाली सापडले. अहो, बूट फाटले होते तर मला सांगायचं. कुणाचे तरी टाकलेले आणून लपवून ठेवायची वेळ आली आपल्यावर?"

एवढं बोलून तिने पदर डोळ्यांना लावला. कारकून खाली बसला. त्याने उजवा बूट हातात घेतला. नवा तळ होता, आणि टाके इतके बारीक की मोजायला भिंग लागावं. टाच सरळ केली होती, नाड्यासुद्धा बदलल्या होत्या.

"पैसे कुठून आणलेस?"

"चष्म्याचे ठेवले होते ना. चष्म्याची काडी पुढच्या महिन्यात बघू. दोऱ्याने बांधलाय, चाललंय की." तिने दोऱ्याने बांधलेला चष्मा नाकावर नीट बसवला. "नंबर जरा मोठा आहे तुम्हाला. पुढे कागद घालून देते."

आपल्याला अशी बायको मिळाली याचा त्याला त्या क्षणी अभिमान वाटला, आणि आता उद्या कसं होणार ही काळजीही लागली. दोन्ही एकदम झाल्यामुळे त्याला काही सुचेना. शेवटी त्याने टायपिस्टापासून सगळी हकीगत सांगून टाकली. बायकोने ती भाजी निवडता निवडता ऐकली.

"म्हणजे तुम्हाला फाटलेलेच हवे होते?"

"हो."

"मग स्वतःचे घालून जायचे. चार वर्षांचे झालेत."

"माझे फाटू कुठे देतेस तू? फाटायच्या आतच दुरुस्तीला जातात. या घरात बाहेरच्याला दाखवायला एक भोक नाही."

हे मात्र खरं होतं. सदरा विटला की ती कॉलर उलटी करून शिवी, चादर विरली की मधोमध कापून कडा आत घेई. या माणसांचं ओढगस्तीने चाललंय हे शेजाऱ्यांना आठ वर्षांत कळलं नव्हतं. साहेबांना तरी कसं कळणार?

बायकोने भाजी बाजूला ठेवली. "उठा. दुकान अजून उघडं असेल."

कोपऱ्यावरच्या बूटदुरुस्तीवाल्याने आधी बूट ओळखले, मग कौतुकाची वाट पाहिली. कारकून म्हणाला, "हे जरा उसवून द्याल का? पहिल्यासारखे?"

"कुठे काही चुकलं का माझं?"

"चुकलं नाही हो. फार चांगलं झालंय."

"मग उसवायचे कशाला?"

"पगारवाढ मागायला जायचंय."

दुरुस्तीवाल्याने क्षणभर विचार केला. "तीस वर्षं बसतोय इथे. स्वतःची शिलाई स्वतः उसवणार नाही मी. आणि ते झिजल्यासारखं दिसायला हवं ना? त्याला शिवण्याच्या दुप्पट मेहनत आहे. दुप्पट पैसे पडतील." मग जरा मवाळ होऊन म्हणाला, "तळ आपोआप सुटला तर आणा. सहा महिन्यांची गॅरंटी आहे. फुकट लावून देईन."

घरी आल्यावर तिघांनी मिळून बूट फाडायचा प्रयत्न केला. मुलीने कंपासच्या टोकाने टाके ओढून पाहिले, तेव्हा कंपासचं टोक वाकलं. कारकुनाने जिन्याच्या पायरीवर टाच घासली, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी दार उघडून "कोण किसतंय?" असं विचारलं. बायकोने ओल्या फडक्याने पॉलिश काढायचा प्रयत्न केला, आणि बूट आधीपेक्षा जास्त चमकू लागले. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, राहू दे. त्याने काम चांगलं केलंय." आणि विषय तिथेच मिटला.

बुधवारी ऑफिसात जावक कारकुनाने पिशवी उघडली आणि तो स्टुलावर बसला. पुढच्या महिन्यात त्याची पाळी होती.

"काय केलंत हे?"

"मी नाही. बायकोने."

"आठ वर्षं राव. आठ वर्षं आम्ही त्यांना साधा ब्रश लावला नाही. ते भोक कसं पडलं होतं माहितीये? जबरदस्तीने नाही, आपोआप पडलं होतं. असं भोक पुन्हा पडत नाही."

गोडाऊनवाला म्हणाला, की वर थोडी माती लावू. हिशेबनीस म्हणाले, की मातीने माणूस गरीब नाही, अजागळ दिसतो. चर्चा रंगात आली होती तेवढ्यात शिपाई आला आणि आवक कारकुनाला साहेबांनी आत बोलावल्याचं सांगून गेला. आता दुसरं काही करायला वेळच नव्हता. त्याने पुढे कागद कोंबून बूट घातले आणि तो पाय उचलून टाकत केबिनमध्ये शिरला.

साहेब सह्या करत होते. कारकून सवयीने दोन पावलं मागे थांबला, आणि साहेब सवयीनेच टेबलावरून वाकून त्याच्या पायांकडे पाहू लागले. मग त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कोणी शिवले हे?"

कारकुनाने एक पाय दुसऱ्यामागे लपवला. "साहेब, हे माझे..."

"टायपिस्टाचे आहेत. चौदा जणांच्या पायात पाहिलेत मी. गोडाऊनवाला आला होता तेव्हा त्याचा अंगठा बाहेर येत नव्हता, तो ओढून ओढून काढत होता." साहेबांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. "कोणी शिवले ते सांगा."

"कोपऱ्यावर एक जण बसतो."

"महाग आहे?"

"नाही. आणि सहा महिन्यांची गॅरंटी देतो."

साहेबांनी खुर्ची मागे सरकवली, टेबलाखाली हात घातला आणि स्वतःचे बूट वर काढून कागदांवर ठेवले. कारकून पुढे झाला. दोन्ही बुटांचे तळ सुटलेले होते. उजव्याला आतून पुठ्ठा लावला होता, कंपनीच्याच खोक्याचा.

"शुक्रवारी मोठ्या साहेबांकडे जायचंय," साहेब म्हणाले. "माझाही पगार सहा वर्षं आहे तिथेच आहे. तुम्हाला मी काय वाढवून देणार? माझ्या हातात सह्या करणं आहे फक्त. या खेपेला सगळ्यांचंच बोलतो. पण असे बूट घालून तिथे कसा जाऊ? तेवढे नेऊन शिवून आणता का?"

कारकून त्या बुटांकडे बघत राहिला. टायपिस्टाचे बूट यांच्यापुढे काहीच नव्हते.

"साहेब, राग येणार नसेल तर एक सांगू?" तो म्हणाला. "शिवू नका."

पुढची वीस मिनिटं केबिनचं दार बंद होतं. बाहेरच्यांनी काचेतून पाहिलं, तेव्हा आवक कारकून साहेबांच्या खुर्चीत बसला होता आणि साहेब टेबलापासून दोन पावलं मागे उभे होते. "अजून जरा मागे," असं कारकून हाताने खुणावत होता.

शुक्रवारी साहेब तसेच गेले. त्या दिवशी ऑफिसात कोणाचं कामात लक्ष नव्हतं. संध्याकाळी साहेबांचा फोन आला, की मोठ्या साहेबांनी बूट पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि "असं चालायचं नाही, काहीतरी करायलाच हवं," असं म्हणाले. कारकुनाने घरी जाऊन बायकोला शब्दन् शब्द सांगितला. त्या रात्री मुलगी अभ्यास न करता झोपली.

सोमवारी सूचना फलकावर कागद लागला. कर्मचाऱ्यांची पादत्राणं कंपनीच्या प्रतिष्ठेला साजेशी नसल्याचं वरिष्ठांच्या निदर्शनास आलं होतं. सबब प्रत्येकाला काळ्या बुटांचा एक नवीन जोड देण्यात येत होता. काळ्या, चकचकीत बुटांशिवाय कोणालाही फाटकातून आत सोडलं जाणार नव्हतं. किंमत पगारातून दहा हप्त्यांत कापून घेण्यात येणार होती. एकगठ्ठा खरेदीत स्वस्त पडले म्हणून सगळे जोड एकाच नंबरचे होते. साहेबांच्या पायाचं माप घेतल्यामुळे तो नंबर नऊ होता.

साहेब दोन दिवस केबिनमधून बाहेर आले नाहीत. त्यांना कोणी काही बोललं नाही. जावक कारकुनाने मात्र टायपिस्टाचे बूट आवक कारकुनाच्या पिशवीत भरले. "घेऊन जा. ऑफिसला आता यांचा काही उपयोग नाही," असं तो म्हणाला.

पहिल्या तारखेला संध्याकाळी घरमालक आला. दाराशी त्याला कंपनीचे नवेकोरे बूट दिसले. तो तिथेच थबकला.

"पगार वाढला वाटतं."

"कमी झाला," बायको म्हणाली, आणि तिने त्याला आत बसवून सगळं सांगितलं. रडली नाही की हात जोडले नाहीत. कारकून भिंतीकडे बघत होता. आता सामान कधी हलवता एवढंच विचारायचं बाकी आहे, असं त्याला वाटलं.

घरमालक ऐकून घेत होता, पण त्याची नजर दाराकडे होती. "किती नंबरचे आहेत?" त्याने विचारलं.

"नऊ."

"माझाही नऊच." तो थोडा घुटमळला. "पुढच्या आठवड्यात पुतण्याचं लग्न आहे. बूट बघायला गेलो होतो. किमती ऐकून परत आलो. तुमच्या भाड्याची वाढ सहा महिने साठवली तर एक जोड येईल. घरपट्टी वाढली, मी तरी काय करू सांगा."

 मग मुलगी उठली, दाराशी गेली आणि तिने नवे बूट आणून घरमालकासमोर ठेवले. त्याने ते घालून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. बरोबर बसले होते.

"सहा महिने जुनंच भाडं द्या," जाता जाता तो म्हणाला. "त्यानंतर मात्र माझा इलाज नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोने टायपिस्टाच्या बुटांवरून फडकं फिरवलं आणि पुढे कागद कोंबून ते दाराशी ठेवले. कंपनीच्या फाटकावरचा वॉचमन प्रत्येकाचे पाय तपासत होता, पण हे जुने आहेत असं त्याच्या बापालाही ओळखता आलं नसतं. टाकान् टाका जागेवर होता.

"जपून चाला," चष्म्याच्या दोऱ्याला नवी गाठ मारत ती म्हणाली. "पाण्यात पाय घालू नका. सहा महिने काढायचेत."