ठिणगीवादी चित्राची दर्शनी बाजू

नवी कला जन्माला घालायची तर आधी तिचा जाहीरनामा निघावा लागतो, हे शास्त्र आहे. मूल होण्याआधी बारशाच्या पत्रिका वाटण्यासारखंच ते. फरक इतकाच, की पत्रिकांवरच समाधान मानणारे आईबाप कलेच्या क्षेत्रात जास्त आढळतात. १९११ साली मिलानमध्ये स्थापन झालेली ठिणगीवादी चळवळ या बाबतीत आदर्श म्हणावी लागेल. चौदा महिन्यांत तिने सतरा जाहीरनामे प्रसिद्ध केले. चित्र एक.

ते एक आत्तिल्यो गालिंबेर्तीचं. बाकीच्या संस्थापकांत एक कवी, एक दंतवैद्य, एक बँडमास्तर आणि एक पोस्टातला कारकून होता. चित्रकलेच्या चळवळीत निदान एक चित्रकार असलेला बरा दिसतो, म्हणून आत्तिल्योला घेतलं. (ठराव तीन विरुद्ध एक. विरोध दंतवैद्याचा.) आत्तिल्योला क्रांतीची फारशी घाई नव्हती. त्याने फक्त लोदीजवळच्या गावी आईला कळवून टाकलं होतं, की वसंतातल्या प्रदर्शनात माझं चित्र भिंतीवर लागणार. आणि पोरगा मिलानमध्ये उनाडक्या करतो म्हणणाऱ्या प्रत्येकीला एर्मिनियाबाईंनी ही बातमी चर्चच्या पायऱ्यांवर गाठून दोन-दोनदा ऐकवली होती. चित्र लागलं नाही, तर बाईंना त्या पायऱ्या चढायची सोय राहिली नसती.

पण चळवळ पुढे जात होती. पहिल्या जाहीरनाम्याने झाडं, चंद्र आणि अंघोळ करणाऱ्या बायका रद्द केल्या. आत्तिल्योने ट्राम काढली. तिसऱ्याने स्थिर वस्तू रद्द केल्या. ट्रामला वीस चाकं आली. सहाव्याने तपकिरी रंग गेला, ट्राम हिरवी झाली. आठव्याने हिरवा गेला. (आदल्या दिवशी कवींना पालक बाधला होता.) अकराव्यात चौकट गेली, तेराव्यात कुंचला; तेव्हापासून तो अंगठ्याने रंगवू लागला. प्रत्येक जाहीरनाम्याखाली त्याची सही होतीच. सही न करणाऱ्याचं नाव पुढच्या जाहीरनाम्यात गद्दारांच्या यादीत जाई, आणि गद्दारांची चित्रं कोणी लावत नाही.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी सतरावा निघाला. त्यात कवी आणि नेते तान्क्रेदी पिरोवानो यांनी सिद्ध केलं होतं, की चित्राची दर्शनी बाजू म्हणजे प्रेक्षकांची निव्वळ खुशामत.

"मग मी रंगवायचं कुठे?" आत्तिल्योने विचारलं.

"रंगव की. कोण नको म्हणतंय? फक्त दाखवू नकोस."

सही झाली. चित्र भिंतीकडे तोंड करून लागलं.

पहिल्या तीन दिवसांत तीनशे बारा माणसं आली. प्रत्येकाने भिंतीवरचे सतरा जाहीरनामे वाचले, मग कॅनव्हास ज्यावर ताणतात त्या पाठीमागच्या लाकडासमोर तो गंभीरपणे उभा राहिला. एका समीक्षकांनी आडव्या पट्टीला नऊ मिनिटं दिली. एका प्राध्यापकांना डावीकडच्या तिसऱ्या खिळ्यात युरोपचं दुःख दिसलं.

रविवारी एर्मिनियाबाई आल्या. बराच वेळ बघत राहिल्या.

"हे काय रे?"

"चित्र आहे, आई."

"ही पाठ आहे. पाठ बघायला मी लोदीहून कशाला येऊ? तुझी अकरा वर्षं घासलीय की."

असं म्हणून त्यांनी चित्राची कड धरून पुढे ओढली आणि मागे डोकं घातलं. आतून आवाज आला, "ट्राम झकास आलीय. पण एवढी चाकं?"

"ठराव होता," आत्तिल्यो म्हणाला.

तान्क्रेदी धावत आला. बघायला सक्त मनाई असल्याचं त्याने बाईंना सांगितलं, कलमासकट. तेव्हा चौदा महिन्यांत पहिल्यांदाच आत्तिल्योने ठरावाशिवाय एक काम केलं. चित्र काढलं, फिरवलं आणि सरळ लावलं. त्याची जागेवर हकालपट्टी झाली. (चार विरुद्ध शून्य. दंतवैद्याने दोन्ही हात वर केले.) बाईंनी मात्र खुर्ची मागून घेतली आणि ट्रामसमोर तासभर बसल्या. चर्चच्या पायऱ्यांवर सांगायला आता वीस चाकं होती.

संध्याकाळपर्यंत सत्तावीस लेखी तक्रारी आल्या: चित्र उलटं लागलं आहे. समीक्षकांनी लिहिलं, की उमेदीचा हा कलावंत शेवटी चित्र दाखवण्याच्या मोहाला बळी पडला. सोमवारी शिपायाने ते पुन्हा नीट लावलं.

आपण हसताय, हे बरंच आहे. आता मागच्या प्रदर्शनात आपण चित्राशेजारची चिठ्ठी वाकून किती वेळ वाचत होतात ते आठवा, आणि मग मान डोलावण्यापूर्वी चित्राकडे किती वेळ पाहिलंत तेही. वजाबाकी इथे छापत नाही. चारचौघांत वाचत असाल.