मास्तरांचा दुसरा ब्रेक

"माणसाला एकदा गिअर टाकताना बघू द्या, त्याचं अख्खं चरित्र सांगतो!" ही मास्तरांची नेहमीची फुशारकी. मास्तर म्हणजे मोटार शिकवणारे मास्तर. अर्ध्या गावाला आपण रस्त्यावर आणलं, असं ते अभिमानाने सांगायचे आणि ऐकणारे का हसतात हे त्यांना कधीच कळायचं नाही!

त्यामुळे लेकीसाठी बॅलेची शाळा निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी नुसता हात उडवला. "त्यात काय एवढं? शाळा बघायची, शिकवणाऱ्याचा चेहरा बघायचा, नाव घालायचं! आठवड्याभरात लावून टाकतो."

लेकीला सगळे भिंगरी म्हणत. तेरा वर्षांची, काटकुळी, आणि नाचाच्या बाबतीत अशी गंभीर की हसायचं झालं तरी सराव संपल्यावर हसेल. आजवर तिला शिकवणाऱ्या ताईंनीच मास्तरांना बोलावून सांगितलं होतं, "मला येत होतं ते सगळं शिकवून झालं. आता हिला खऱ्या शाळेत घाला, आणि लवकर घाला. या वयातलं एक वर्ष वाया गेलं, तर ते पुढे कुठूनच भरून निघत नाही."

आता मास्तरांच्या पायाबद्दल सांगायला हवं. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही एक ब्रेक असतो. शिकणारा घाबरून म्हशीवर, खांबावर किंवा थेट पोलिसावर गाडी घालायला निघाला की तो दाबायचा. इतकी वर्षं तो दाबून दाबून मास्तरांचा पाय स्वतःच्या मर्जीने चालायला लागला होता. न्हाव्याचा वस्तरा गळ्याजवळ आला की पाय खाली! सिनेमातला नायक कड्याकडे धावला की पाय खाली, आणि पुढच्या खुर्चीतला माणूस वर! घरी भिंगरी उड्यांचा सराव करता करता कपाटाच्या दिशेने झेपावली की पेपरामागून "ब्रेक!" अशी आरोळी यायची आणि पाय धाडकन आपटायचा. मग भिंगरी हवेतल्या हवेत उडी आवरायची आणि खालच्या मजल्यावरच्या आजी छताला झाडू ठोकायच्या. तिघांनाही त्याची सवय झाली होती.

घरात माणसं दोनच. भिंगरीची आई ती लहान असतानाच गेली. आणि मास्तरांचा धंदा असा, की माणूस शिकला की गेला. महिनाभर शेजारी बसून घाम गाळणारा, बायकोची भांडणं सांगणारा, "मास्तर, तुमच्यावाचून मला जमणार नाही" म्हणणारा विद्यार्थी परीक्षा पास झाला, की पुढे फक्त हॉर्न वाजवून भुर्रकन निघून जायचा. काच खाली करायलाही त्याला वेळ नसायचा. मास्तर फुटपाथवर उभे राहून हात हलवायचे. त्यामुळे त्यांनी शाळेसाठी एकच अट घातली होती, शाळा घराजवळ हवी.

पहिली शाळा अगदी जवळ होती. मास्तर कुठेही जायचं तर शिकवणी जोडूनच जायचे; भाजीसुद्धा शिकणाऱ्याच्या गाडीतून यायची. त्या दिवशी स्टिअरिंगवर बँकेतले साहेब होते, शेजारी मास्तर, मागे भिंगरी. पाच मिनिटांच्या रस्त्याला अर्धा तास लागला, पण पोचले!

तिथल्या बाई फारच प्रेमळ निघाल्या. कुणी काही केलं की "वा!" एक मुलगी गिरकी घेताना सपशेल आडवी झाली. "वा! काय सुंदर पडलीस!"

भिंगरीने मास्तरांची बाही ओढली. "बाबा, चला."

"अगं, पण स्वभाव किती गोड!"

"मी मुद्दाम पाय चुकीचा टाकला, बाबा. तरी वा म्हणाल्या."

दुसरी शाळा दोन चौक पुढे. चकचकीत आरसे, गार हवा आणि बाहेर गाड्या लावायला ऐसपैस जागा. मास्तरांनी मनातल्या मनात नाव घालूनही टाकलं! पण भिंगरी दारातच थबकली. आत तिच्याहून लहान मुली टोकदार कडक बूट घालून अंगठ्यांवर उभ्या होत्या आणि त्यांच्या आया फोटो काढत होत्या.

"यांचे पाय अजून तयार नाहीत. हाडं बिघडतील," ती हळूच म्हणाली आणि वळून गाडीत जाऊन बसली.

"पण पार्किंग बघ की!" मास्तर मागून ओरडले.

गाडी परतीला लागली. शेवटी बँकेतल्या साहेबांनाच राहवलं नाही. "मास्तर, लहान तोंडी मोठा घास घेतो, पण पोरीला काय हवंय ते एकदा..."

"तुम्ही आधी क्लच सोडा!"

जेवताना भिंगरीने सांगून टाकलं. ताई ज्यांच्याविषयी नेहमी सांगायच्या, त्या म्हाताऱ्या बाईंच्या शाळेत तिला जायचं होतं. ती शाळा दुसऱ्या शहरात होती. तिथे राहावं लागे, आणि घरी यायला मिळे ते मोठ्या सुट्टीतच.

"बघू," मास्तर म्हणाले.

मास्तरांचं 'बघू' म्हणजे 'नाही', हे भिंगरीला ठाऊक होतं. "एकदा नुसतं चला, बाबा. बाईंनी नको म्हटलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

यावर मास्तर लगेच तयार झाले. ती नापास व्हावी असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. पास व्हावी असंही वाटत नव्हतं. असल्या अवघड जागी अडकलेला माणूस वाट धरतो तशी त्यांनी वाट धरली, आणि सगळ्या वाटेवर गाडीच्या टायरविषयी बोलत राहिले.

शाळेची इमारत जुनी होती. उंच खिडक्या, लाकडी जमीन, भिंतीला लावलेला लांब दांडा आणि त्याला धरून उभ्या, परीक्षेला आलेल्या मुली. म्हाताऱ्या बाई हातातली काठी टेकवत त्यांच्यामधून फिरत होत्या. 'वा' हा शब्द त्यांना कुणी शिकवलेलाच दिसत नव्हता. पालकांचा बाक भरलेला. मास्तरांनी इकडेतिकडे पाहिलं, तर पियानोच्या शेजारी एक खुर्ची रिकामी! ते जाऊन बसले.

पियानोवर एक जाडजूड काकू होत्या. चष्म्याच्या भिंगांची जाडीही त्यांना शोभेशीच. त्यांच्या समोरच्या स्वरलिपीच्या वहीची पानं उलटणारा माणूस त्या दिवशी आलेला नव्हता.

"आलात एकदाचे!" काकू खेकसल्या. "लक्ष ठेवा. मी मान हलवली की पान उलटायचं."

मास्तर चपापले. मग त्यांना वाटलं, कडक शाळा आहे, इथे पालकांचीही परीक्षा घेत असतील! आता नाही म्हणावं तर पोरीचं नुकसान. ते सरसावून बसले. शिवाय जागा अगदी सवयीची वाटत होती. चालवणारं माणूस शेजारी, आपण त्याच्या बाजूला, आणि खाली चक्क पेडल!

काकूंनी वाजवायला सुरुवात केली आणि मास्तरांना घाम फुटला. कारण काकू वाजवताना सारखी मानच हलवत होत्या! ताल धरून, डोळे अर्धे मिटून, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मास्तरांनी मागे हटायचं नाही असं ठरवलं. मान हलली, पान उलटलं! मान हलली, पान उलटलं! आणि काकू जन्मभर समोर दिसेल ते वाजवत आलेल्या. संथ सूर एकाएकी घोड्यासारखे उधळले, तिथून अंगाईवर आले, अंगाईतून थेट लष्करी कवायतीत! दांड्याला धरून हळूच गुडघे वाकवणाऱ्या मुली पहिल्यांदा गोंधळल्या, मग एकीचा पाय दुसरीच्या पाठीत गेला, दुसरीचा कोपर तिसरीच्या नाकाला लागला.

"थांबा!" बाईंची काठी आपटली. "आज काय झालंय तुम्हाला?"

"मला नाही, या माणसाला!" काकू फणकारल्या. "अहो, तशी नाही, अशी मान हलवल्यावर!" आणि त्यांनी मान हलवून दाखवली. ती तशीच हलली.

मग उड्या सुरू झाल्या. एकेका मुलीने समोरच्या कोपऱ्यातून धावत, झेपावत तिरकं पियानोकडे यायचं. भिंगरीची पाळी आली. ती निघाली तेव्हा मास्तरांनी वही, काकू, मान, सगळं सोडून दिलं. पहिली उडी. दुसरी. पोर पाखरासारखी येत होती आणि समोर पियानोचा टोकदार कोपरा! सरळ कपाळात घुसणार!

"ब्रेक!!!"

आणि पाय खाली!

पेडलवर काकूंचा पाय आधीच होता. काकूंनी जी किंकाळी फोडली, ती पियानोच्याही वरच्या पट्टीतली होती. दोन पायांखाली पेडल दबून राहिलं आणि सगळे सूर एकमेकांत कालवून हॉलभर घोंघावत राहिले. वही घसरून पट्ट्यांवर पडली, तिचा आणखी एक ढण्ण! भिंगरीने हवेतच उडी मोडली आणि ती धप्पकन पियानोपुढे उतरली.

"हे गृहस्थ कोण?" बाईंनी विचारलं.

"नवा पानं उलटणारा!" काकू पाय धरून कण्हत म्हणाल्या.

"माझे बाबा आहेत," भिंगरी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

बाई भिंगरीजवळ आल्या. "यांनी पाय आपटला तो आत्ता. पण तुझी पहिली उडीही अर्ध्यातच तुटली, दुसरीही. दर वेळी आधी यांच्याकडे बघत होतीस. का?"

भिंगरी खाली बघून म्हणाली, "घरी बाबा ब्रेक दाबतात."

"नाही म्हणजे, मध्ये कपाट असतं ना!" मास्तर घाईघाईने म्हणाले. "लागेल हो तिला!"

बाईंनी त्या भल्यामोठ्या मोकळ्या हॉलवरून सावकाश नजर फिरवली. "इथे कुठे आहे कपाट?"

मास्तरांनीही इकडेतिकडे पाहिलं.

"बाहेर थांबा."

बाहेर लांबलचक व्हरांडा होता. दार बंद झालं. आत पियानो सुरू झाला, या वेळी नीट, एकाच चालीचा. मास्तर कान देऊन उभे राहिले. घरी कुठल्याही खोलीत असले तरी त्यांना भिंगरीच्या पावलांवरून कळायचं, ती कुठे आहे, दमली आहे का, रुसली आहे का. इथे काहीच ऐकू येईना. पियानो वाजतोय, बाईंची काठी ठकठकतेय, पण तो ओळखीचा धप्प आवाज काही येत नाही.

म्हणजे बाईंनी तिला उड्या मारूच दिल्या नाहीत! पोर नापास!

मास्तरांना एकदम हलकं वाटलं. आता घरी जायचं, वाटेत तिला आवडेल ते खाऊ घालायचं. तेवढ्यात आपल्याला आनंद झालाय हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

दार उघडलं. "घेते मी हिला," बाई म्हणाल्या.

"पण उड्या तर मारल्याच नाहीत तिने! मी ऐकत होतो की."

"उड्याच मारत होती सगळा वेळ. उडी चांगली असली की ती ऐकू येत नाही."

मागून काकू लंगडत आल्या. "आणि तुम्ही! उद्यापासून यायचं कारण नाही!"

"नाही येत," मास्तर म्हणाले.

घरी जाताना भिंगरी खिडकीबाहेर बघत होती. तशीच म्हणाली, "बाबा, तुम्ही काय कराल?"

"मला काय धाड भरलीय! शिकवण्या काय कमी आहेत? बँकेतले साहेब अजून रिव्हर्सला रडतायत."

साहेब पुढच्याच आठवड्यात पास झाले. हॉर्न वाजवून गेले.

शाळा सुरू व्हायच्या दिवशी मास्तर स्वतःच गाडी चालवत भिंगरीला पोचवायला गेले. त्यांनी तिची ट्रंक उतरवली, तिचे केस उगाचच नीट केले, गरम कपड्यांबद्दल तेच तेच तीनदा सांगितलं. मग ती निघाली. बाईंनी तिला ताकीद दिली होती, झेप घ्यायच्या आधी कुणाकडे बघायचं नाही. पोर मनावर घेणारी. अख्खं अंगण तिने मान ताठ ठेवून पार केलं, आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मास्तरांचा हात हलवायला म्हणून वर गेला होता, तो तसाच राहिला. इतकं छान चालताना त्यांनी तिला आधी कधी बघितलंच नव्हतं.

ते गाडीकडे आले, दार उघडून आपल्या नेहमीच्या जागी बसले. पट्टा लावला. दार नीट लागलंय का ते पाहिलं. पाय ब्रेकवर ठेवला.

"हं, चला," म्हणाले.

गाडी जागची हलली नाही. मास्तर समोर बघत बसून राहिले. शिकणारे पहिल्यांदा घाबरतात, वेळ द्यावा लागतो, हे त्यांना अनुभवाने माहीत होतं.

बऱ्याच वेळाने गेटवरच्या रखवालदाराने काचेवर टकटक केलं. "काका, गेटसमोर गाडी नका लावू. पुढे घ्या जरा."

मास्तरांनी समजूतदारपणे मान डोलावली आणि स्टिअरिंगमागच्या रिकाम्या सीटकडे वळून, अगदी मायेने म्हणाले, "ऐकलंत ना? घाबरू नका. घ्या पुढे!"