खुंटीवरचे विंचू

विंचू सांभाळावा कसा, हे माझ्याकडून शिकावं! उगीच बढाई मारत नाही. मी बनारसच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि झाडांच्या सालीखाली राहणाऱ्या विंचवांच्या विषावर संशोधन करतो. आजवर एकही विंचू मला चावला नाही, की माझ्या हातून निसटला नाही. नोकरी तेवढी हंगामी आहे. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात आमचे विभागप्रमुख त्रिपाठीजी म्हणाले, "उल्हासजी, हमारे सामने एक बार ज़हर निकालकर दिखाइए. फिर आपको परमानेंट कराने की बात चलाते हैं."

मी राहतो बालाजी घाटाजवळ, सासऱ्यांच्या घरी. घरजावई म्हणा, सवय आहे! सासरे ढुंढिराजशास्त्री, आमचे नाना, मराठी यात्रेकरूंचे पिढीजात उपाध्ये. लोक गावाकडून अस्थी घेऊन येतात, आमच्याकडे उतरतात आणि दुसऱ्या दिवशी नानांबरोबर नावेतून जाऊन गंगेत विसर्जन करतात. आता अस्थी घरात आणायच्या नाहीत आणि जमिनीवर ठेवायच्या नाहीत, हा नानांचा नियम. म्हणून ओसरीवर खुंट्या ठोकलेल्या. तांबड्या फडक्यानं तोंड बांधलेली मडकी तिथं टांगायची.

माझे विंचूही मडक्यातच असतात, कारण माती गार राहते. पण माझी बायको लतिका हिनं पहिल्याच दिवशी सुनावलं होतं, "घरात आणायचे नाहीत! आणि जमिनीवर तर बिलकुल नाही!" म्हणजे विंचवांच्याही नशिबी खुंटीच. तरी घोटाळ्याला जागा नव्हती. अस्थींचं फडकं तांबडं, विंचवांचं पांढरं! ही व्यवस्था कोणाची? अर्थात माझी!

प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी महाडकडच्या कालिंदीकाकू आल्या. एकट्याच, नवऱ्याच्या अस्थी घेऊन. रत्नाकरराव पेंढ्याच्या उडवीत हात घालायला गेले आणि लाल विंचू चावला. "सकाळी चावला, संध्याकाळी गेले," एवढंच त्यांनी सांगितलं. माझा उद्योग कळल्यावर त्या माझ्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "जावईबापू, निघेल का हो त्याच्यावर काही औषध?"

"निघणारच!" मी इतकं ठणकावून सांगितलं, की माझं मलाच नंतर कसंसं झालं.

सकाळी ओसरीवर येऊन बघतो, तर दोन मडकी आणि दोन्हींना तांबडी फडकी!

"लतिका! माझं पांढरं फडकं?"

"विरलं होतं पार. नानांच्या गठ्ठ्यातलं एक बांधलं," ती आतून म्हणाली. "थांब, दाखवते कुठलं ते. दूध उतू जातंय!"

दुधासाठी थांबेल तो शास्त्रज्ञ कसला? मी एक मडकं उतरवलं, कानाशी धरून हलकेच हलवलं. आत सालीचे तुकडे खुळखुळले. हेच ते! निघालो.

प्रयोगशाळेत सगळे भिंतीला चिकटून उभे. "पास मत आइएगा!" मी रुबाबात म्हणालो. विंचवाच्या शेपटीला विजेचा हलका झटका दिला की नांगीतून विषाचा थेंब येतो, वगैरे समजावलं आणि मडकं ट्रेमध्ये कलतं केलं.

त्रिपाठीजींनी भिंग लावलं. "ये तो हिल ही नहीं रहा!"

"ज़रा सुस्त है, सर."

"सुस्त? इसका तो चूरा हो गया है!"

मी वाकून पाहिलं. राख होती. राखेत तुळशीचं पान होतं. जगातला कुठलाही विंचू तुळशीचं पान बाळगत नाही!

रत्नाकरराव इथं ट्रेमध्ये, आणि त्यांची बायको माझे विंचू मांडीवर घेऊन गंगेवर! ती फडकं सोडणार, ओंजळ भरायला हात आत घालणार. ज्यानं नवरा नेला, त्याच्याच भावबंदांत!

रत्नाकररावांना जमेल तसं मडक्यात भरलं, फडकं बांधलं आणि जी पहिली सायकलरिक्षा दिसली तीत उडी मारली. मांडीवर तांबड्या फडक्याचं मडकं आणि माझी ही रडवेली मुद्रा. सगळा रस्ता हात जोडून बाजूला होऊ लागला. रिक्षावाल्यानं हळहळून विचारलं, "कौन चला गया, भइया?"

"अभी कोई नहीं गया! तुम जल्दी चलो!"

तो इतका घाबरला की त्यानं थेट घाटाच्या तोंडाशीच रिक्षा थांबवली. नानांची नाव मध्यधारेत पोचली होती. मी दुसऱ्या नावेत चढलो आणि बोंब ठोकली, "काकू! सोडू नका फडकं! त्यात ते नाहीत!"

"मग कोण आहे?" काकूंनी तिकडून विचारलं. गाठ तेवढ्यात सुटलीच होती. मडक्याच्या काठावर एक नांगी वर आली.

नानांचा मंत्र बंद पडला. नावाडी "अरे बाप रे!" करत नावेच्या टोकाला गेला आणि नाव डुलायला लागली. काकू मात्र हलल्या नाहीत. माझ्या मुठीत प्रयोगशाळेतला चिमटा अजून तसाच होता. नाव भिडताच मी त्या विंचवाला शेपटीला धरून आत टाकलं आणि मडकं बांधलं.

"बुडवा ते मडकं गंगेत!" नाना गरजले.

"याच जातीचा होता का?" काकूंनी विचारलं.

"नाही. पण त्याचा चुलतभाऊ म्हणा."

त्यांनी मडकं दोन्ही हातांनी धरलं होतं. एकदा पाण्याकडे पाहिलं. त्या ते पाण्यात सोडतील असं मला वाटलं, आणि सोडलं असतं तर मी एक शब्द बोललो नसतो.

"औषध निघणार म्हणालात ना?" त्या म्हणाल्या. "मग घ्या. नीट सांभाळा हो."

रत्नाकररावांना गंगा मिळाली, मला माझे विंचू मिळाले. पण प्रकरण संपलं म्हणता? कॉलेजात परतलो, तर ट्रेच्या सांध्यात अस्थीचा एक कण अडकलेला! काकूंची गाडी संध्याकाळची. धावत घरी जाऊन खरं ते सांगितलं. नानांनी कपाळावर हात मारला. "पुन्हा नाव काढावी लागेल! शास्त्र आहे!"

काकू मग म्हणाल्या, "शास्त्र तुमचं, शास्त्रीबुवा. नवरा माझा. एवढे राहू देत तिथं. औषध निघेपर्यंत लक्ष ठेवतील जावईबापूंवर."

तो कण एका काचेच्या कुपीत घालून मी विंचवांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवलाय. औषध अजून माझ्या हातून निघालेलं नाही. कंटाळा आला की त्या कुपीकडे नजर जाते आणि मी मुकाट्यानं पुन्हा चिमटा उचलतो. त्रिपाठीजींनी माझी बात त्या दिवसानंतर काही चालवली नाही. आमच्या विभागात रत्नाकरराव कायम झाले. मी हंगामीच आहे!